चुलीचा पंचनामा

लग्नाच्या पंगतीत शेजारच्याला कळलं, की मी पुरवठा खात्यातून निवृत्त झाले आहे, की भातावर वरण पडायच्या आत तो विचारतो, "ताई, आमच्या घरात सहा माणसं, मग धान्य चौघांचंच का येतं?" मी घास हातात धरून उत्तर देते. आयुष्यभराची सवय आहे, जाता जात नाही. चाळीसगावला खिडकीत भाजी निवडत बसले तरी रस्त्यावरून कोणीतरी कार्डाची झेरॉक्स आत सरकवतो. आमचे हे म्हणतात, खिडकीवर कामकाजाच्या वेळेची पाटी लाव. म्हणून म्हटलं, एकदा सगळं लिहूनच काढावं.

हिशेब तसा सोपा आहे. सरकारच्या लेखी तुम्ही माणूस नसता, युनिट असता. कार्ड प्राधान्य कुटुंबाचं असेल तर दर युनिटला महिन्याला पाच किलो. काल जन्मलेलं पोर असो की दोन भाकरी एका बैठकीत संपवणारा पहिलवान असो, पाच म्हणजे पाच. जन्माचा दाखला आणला की पाच किलो वाढतात, मृत्यूचा आणला की पाच कमी होतात. त्यामुळे लोक जन्म नोंदवायला पळत येतात आणि मृत्यू नोंदवायला सवडीने. एक आजोबा वारल्यानंतर अडीच वर्षं नियमित पाच किलो खात होते.

दुसरं कार्ड अंत्योदयचं. ते गरिबांतल्या गरिबांसाठी: निराधार, विधवा, एकटी म्हातारी माणसं. त्यावर युनिट मोजत नाहीत. घरात एक माणूस असो की दहा, कार्डाला पस्तीस किलो. आणि अशी कार्डं किती द्यायची याचा आकडा तालुक्याला वरून येतो, त्याला आम्ही इष्टांक म्हणतो. तो भरला की संपलं. कोणीतरी यादीतून जाईल तेव्हा दुसरा आत येईल.

उत्पन्नाची अटही आहे. खेड्यात वर्षाला चव्वेचाळीस हजारांच्या आत, शहरात एकोणसाठ हजारांच्या आत. आमच्या तालुक्यात वर्षाला त्रेचाळीस हजार मिळवणारी माणसं इतकी होती की मला त्या आकड्याचं कौतुक वाटायचं. दारात ट्रॅक्टर उभा असला तरी उत्पन्न त्रेचाळीस हजार. ट्रॅक्टर कोणाचा म्हटलं, तर मेव्हण्याचा. तालुक्यातल्या मेव्हण्यांकडे फार ट्रॅक्टर होते.

मी हे युनिट-युनिट इतकं करायचे की एकदा घरी पाहुणे आले तेव्हा ह्यांना विचारलं, "जेवायला किती युनिट आहेत?" ते अजून चिडवतात.

आता खरी मेख. कुटुंब म्हणजे कोण? एका छपराखाली दोन भाऊ असतात, एका अंगणात सासू-सून असतात आणि एकमेकींचं तोंड बघत नाहीत. व्याख्या वाचत बसलं तर दिवस मावळतो. आमच्या खात्यात व्यवहारात एकच खूण: एक चूल, एक कार्ड. चूल वेगळी तर कुटुंब वेगळं. म्हणून कोणी वेगळं कार्ड मागितलं की पुरवठा निरीक्षकाने घरी जाऊन चूल बघायची, दोन पंचांसमोर पंचनामा करायचा. ह्याला गृहचौकशी म्हणतात. मी आधी दोंडाईच्याच्या गोदामावर पोती मोजली, मग निरीक्षक झाले आणि चुली मोजल्या. गॅस आला तरी शब्द चूलच राहिला.

ह्या कामात मी हुशार होते, हे सांगायला मला संकोच नाही. पुरुष निरीक्षक दारातून डोकावायचे, चूल दिसली की टिकमार्क. मी आत जायचे. चुलीच्या मागची भिंत काळी आहे का बघायचे, कारण माती एका दुपारात लिंपता येते पण काजळी धरायला महिने लागतात. मग राखेचा ढीग. आणि शेवटी मिठाची बरणी. खोटी चूल मांडणारे तवा आणतात, परात आणतात, लाकडं रचतात, पण मीठ ठेवायला हमखास विसरतात. मीठ नसलेल्या स्वयंपाकघरात कोणी स्वयंपाक करत नाही.

दोंडाईच्याजवळच्या एका गावात मात्र मीठही होतं. दोघे भाऊ विभक्त झाल्याचं सांगत होते. धाकट्याची चूल कोरी करकरीत. मी धाकट्या सुनेला म्हटलं, "वहिनी, जरा चहा टाका." ती लगबगीने उठली, आणि सवयीने थोरल्या जावेच्या ओट्यावर जाऊन गॅस पेटवला. साखरेचा डबा कुठे आहे हेही तिला तिथेच बरोबर माहीत होतं. धाकटा भाऊ खाली मान घालून बसला. चहा छान झाला असावा, वास चांगला होता. मी घेतला नाही. गृहचौकशीला गेल्यावर घोटभर पाणीसुद्धा घ्यायचं नाही हा माझा नियम होता आणि तो मी कधी मोडला नव्हता.

साक्रीला माझी बदली झाली त्या वर्षी तालुक्यातल्या आया भराभर विभक्त होऊ लागल्या. कारण गणितात होतं. म्हातारी मुलाच्या कार्डात असली तर तिचे पाच किलो. तिचं नाव काढून तिला एकटीला अंत्योदय कार्ड मिळालं तर पस्तीस. घराला तीस किलोंचा फायदा, आणि त्यासाठी लागते फक्त एक चूल. मग पडवीत, गोठ्यात, एके ठिकाणी तर मोटारसायकलच्या शेजारी चुली उगवल्या. मी एकेक पाडत गेले. लोक मला चूलवाल्या बाई म्हणायला लागले. समोर मॅडम, मागे चूलवाली. मला ते आवडायचं.

अशाच दिवसांत सुपडाअक्काचा अर्ज आला. साक्रीच्या पश्चिमेला, डोंगरात, एसटी सोडल्यावर अर्धा तास चालायचं, असं ते गाव. पितृपक्ष होता. अक्का सत्तरीच्या पुढची, विधवा, गुडघे गेलेले. अंगणाच्या एका बाजूला मुलाचं घर, दुसऱ्या बाजूला तिची कुडाची खोली. मुलगा भटू, सून, चार पोरं आणि अक्का मिळून सात जण एका प्राधान्य कार्डावर होते. सात पंचे पस्तीस. अक्काला आपलं कार्ड वेगळं हवं होतं.

मी खोलीत गेले. चूल होती. मागची भिंत काळी होती, हे मान्य. मिठाची बरणीही होती, तळाला थोडं मीठ धरून बसलेली. पण चूल थंडगार. आत कोळ्याने जाळं केलेलं. राख जुनी, घट्ट बसलेली. मी बाहेर येऊन अंगणातल्या खाटेजवळ उभी राहिले. चारचौघं जमले होते. पंच म्हणून एक शेजारी होता आणि दुसरा खुद्द भटू.

"अक्का, जेवण कुठे करता?"

"आंडोरकडेच जेवस ना, बाई," अक्का म्हणाली. आंडोर म्हणजे मुलगा. "मंग कोठे जेवू?"

"मग कार्ड वेगळं कशाला?"

अक्का भटूकडे बघायला लागली. भटू जमिनीकडे. सुनेने दारातून पोराला आत ओढलं. अक्का म्हणाली, "लागस कधीमधी."

कधीमधी हा रकाना आमच्या नमुन्यात नाही. नमुन्यात छापलेलं होतं, "अर्जदार बारमाही स्वतंत्र स्वयंपाक करतो/करते: होय/नाही." मी "नाही" वर खूण केली. चूल वापरात नाही, अर्जदार मुलाकडे जेवते, अर्ज नामंजूर करावा. पंचांच्या सह्या झाल्या. भटूने सही केली, शेजाऱ्याने अंगठा दिला. परत येताना मला वाटलं, चला, निदान ही म्हातारी खरं तरी बोलली. त्या महिन्यातला तो माझा सगळ्यात स्वच्छ पंचनामा होता.

आता ह्याच्या आधीची एक गोष्ट मध्येच सांगावी लागेल, कारण ती पुढे लागणार आहे.

आषाढात हिलालनाना नावाचे एक गृहस्थ कार्यालयात आले होते. मळकं धोतर, कडक इस्त्रीचा सदरा. त्यांच्याकडे अंत्योदयचं कार्ड होतं आणि घरात अकरा माणसं. त्यांनी हाताने लिहिलेला अर्ज पुढे ठेवला: "आम्हांस अत्यंत गरिबांतून काढून साध्या गरिबांत टाकावे, ही विनंती."

मी अर्ज दोनदा वाचला. पुरवठा शाखेत आजपर्यंत माणूस आला तो जास्त गरीब व्हायलाच आला होता. पण नानांचं गणित चोख होतं. अंत्योदयमध्ये अकरा जणांत पस्तीस किलो, प्राधान्यमध्ये अकरा पंचे पंचावन्न. सातपर्यंत माणसं असली तर अंत्योदय ठीक, आठवं माणूस वाढलं की नुकसान. हे नानांच्या लक्षात आलं होतं, खात्याच्या नाही. तहसीलदार साहेबांना अर्ज दाखवला तर ते हसले आणि म्हणाले, "ह्याचा नमुना कोणता?" नमुना नव्हता. नाव वाढवण्याचा होता, कमी करण्याचा होता, फाटलेल्या कार्डाचा होता. गरिबी कमी करण्याचा नव्हता. मी अर्ज विचाराधीन कागदांच्या फाईलमध्ये ठेवला. त्या फाईलमध्ये गेलेल्या कागदाचा कोणी विचार करत नाही.

नाना मात्र दर बाजाराच्या दिवशी येत. पिशवीत मेथी-मिरची असे. टेबलासमोर उभे राहून अगदी मऊ आवाजात विचारत, "बाई, गरिबीमाईन निंघाले आखो कितला कागद लागतीन?" गरिबीतून निघायला आणखी किती कागद लागतील, असं. मी म्हणे, "बघू, नाना." सगळी शाखा हसे. नानाही हसत आणि जात.

इकडे दसरा झाला, दिवाळी झाली, पौष उजाडला. एके दिवशी कांतीशेठ कार्यालयात आले. अक्काच्या गावाखालच्या मोठ्या गावात त्यांचं किराणा दुकान आणि रेशन दुकान एकाच गाळ्यात. आजोबा राजस्थानातून आलेले, पण कांतीशेठ गिऱ्हाईकाशी अहिराणीतच बोलणार. माणूस मापाला पक्का आणि बोलायला तिखट. खुर्ची ओढून ते म्हणाले, "मॅडम, तुमची एक म्हातारी माझ्या मशीनशी भांडते आहे."

रेशन दुकानात आता पॉस मशीन असतं. कार्डातल्या कोणीही अंगठा लावला की त्या कार्डाचं धान्य मिळतं. सुपडाअक्का महिना सुरू झाला की पिशवी घेऊन डोंगर उतरायची, अंगठा लावायची, आणि मशीनवर उमटायचं की ह्या महिन्याचं धान्य उचललेलं आहे. तीन महिने असं चाललं होतं.

"ती काय म्हणते माहीत आहे?" कांतीशेठ म्हणाले. "मना आंगठा मनापासीच शे, मंग मना दाना कोनी लिधा? आता मी काय सांगू तिला?"

अंगठा तिच्यापाशीच, मग तिचा दाणा कोणी घेतला? "कोणी उचललंय?" मी विचारलं.

त्यांनी कागद पुढे केला. धान्य गुजरातमध्ये उचललेलं होतं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या पट्ट्यातली निम्मी गावं दसरा झाला की ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि आखाजीला परत येतात. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे तो वर्षाचा मोठा सण. हे मला काय माहीत नव्हतं? लहानपणापासून माहीत होतं. भटू, सून, पोरं सगळी ऊस तोडायला गेलेली. आता देशात कुठेही अंगठा लावून धान्य घेता येतं, चांगलीच सोय आहे. भटूने तिथे अंगठा लावला, तिथल्या दुकानदाराने कार्डावरचे पस्तीसच्या पस्तीस किलो दिले. त्यात अक्काचे पाच. नियमाने थोडं तिथे, थोडं इथे घेता येतं, पण नियमाने काय काय येतं हे भटूला कोणी सांगितलं होतं?

म्हणजे पावसाळ्यात अक्का मुलाकडे जेवते, तेव्हा घर एक. उसाच्या दिवसांत ती एकटी, तेव्हा घर दोन. मी भाद्रपदात गेले आणि बारा महिन्यांचा पंचनामा करून आले. म्हातारी खरंच बोलली होती, कधीमधी लागस. मी तिला कधीमधी म्हणजे कोणते महिने, एवढंच विचारायचं होतं. आणि तेही मुलाला पंच म्हणून शेजारी उभं करून नाही. कोणती आई चारचौघांत, सरकारी बाईसमोर सांगेल, की मुलगा सहा महिने मला मागे ठेवून जातो म्हणून?

"मग ती खाते काय?" मी विचारलं.

"जाताना भटू अर्धं पोतं ठेवून गेला होता, ते मार्गशीर्षात संपलं. शेजारी देतात कधी काही. मी दोन किलो पीठ बांधून दिलं तर घेईना. म्हणे, कार्डवर भेटी ते मनं, हाई तुमनं." कांतीशेठ उठले. "मग माझ्या काट्याखाली सांडलेले दाणे झाडून नेते. ते चालतात तिला. म्हणते, त्यात माझेपण असतील."

मला लाज वाटली. दुसरा शब्द नाही त्याला. त्या काट्याचं वजन मी तपासत होते, दुकानाचं दप्तर तपासत होते, आणि काट्याखाली कोण बसलंय ते मला दुकानदाराने येऊन सांगावं लागलं.

कांतीशेठकडून भटूचा नंबर घेऊन मी तिथूनच फोन लावला. मागे कोयत्यांचा आवाज येत होता. भटूला आधी समजेचना. मग म्हणाला, "मॅडम, मले वाटनं, तिनं तिले तठे भेटत व्हई." त्याचं तिकडे, आईचं इकडे, असं त्याने धरलं होतं. मग म्हणाला, पुढच्या महिन्यापासून पाच किलो सोडतो. पण पाच किलो म्हणजे दिवसाला दोन मुठी. एवढ्यावर म्हातारीने जगावं असं म्हणायला फार मोठं कार्यालय लागतं.

अक्काचा नवा अर्ज कांतीशेठनेच भरून आणला होता. दुसऱ्या दिवशी मी डोंगर चढले.

गावाला मी येणार हे कळलेलं होतं. अशी बातमी एसटीच्या आधी पोचते. खोलीतून धूर येत होता. आत पाय टाकला आणि बघत राहिले. चूल धडधडा पेटलेली. जमीन ताजी सारवलेली. शेजारी लाकडं रचलेली, फुंकणी हाताशी. राखेचा ढीग दाराबाहेर दिसेल असा काढलेला. मिठाची बरणी काठोकाठ भरून अगदी पुढे, माझ्या डोळ्यांसमोर ठेवलेली. वर पातेलं, त्यावर झाकण, झाकणाखाली रटरट आवाज. चूलवाली बाई काय काय बघते ते सगळं गावाने अक्काला शिकवलं होतं. माझ्या सगळ्या परीक्षांत पैकीच्या पैकी गुण मिळवणारी ती पहिलीच चूल होती.

मला आतून बरं वाटलं. म्हटलं, कोणीतरी दाणे दिले वाटतं. मी झाकण उचललं.

पातेल्यात पाणी होतं.

"अक्का, ह्यात काय शिजतंय?"

"पानी शे, बाई." ती जराही दबली नाही.

"नुसतं पाणी?"

"तुमले चूल तपेल लागस म्हने," अक्का म्हणाली. तपेल म्हणजे तापलेली. "म्हनीसन तपाडी. दाना कार्डवर भेटी, मंग टाकसू."

मी झाकण परत ठेवलं. उघडलेल्या पेनाला पुन्हा टोपण लावलं. अक्काला वाटलं, आपलं काही चुकलं. तिने मिठाची बरणी आणखी जरा पुढे सरकवली.

ह्यावेळी पंच म्हणून दोन शेजारणी घेतल्या आणि अक्काशी आधी एकटीने बोलले. भटू वाईट नाही, हे तिने मला तीनदा सांगितलं. मग मी नमुना काढला. "अर्जदार बारमाही स्वतंत्र स्वयंपाक करते." बारमाही नाही, सहा महिने. आणि स्वयंपाक म्हणजे पाणी. मी "होय" वर खूण केली आणि खाली सही केली. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी जाणूनबुजून केलेला तो पहिला खोटा अहवाल.

तहसीलदार साहेबांनी दोन्ही पंचनामे शेजारी ठेवले. "मॅडम, ह्याच बाईचं तुम्ही आधी नाही लिहिलंय. आता होय?"

"तेव्हा चूल थंड होती, साहेब."

"आणि आता?"

"आता तापलेली आहे. मी हात लावून बघितली."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग सही केली. तिथे काम संपायला हवं होतं, पण संगणकावर बसलेल्या मुलीने मान हलवली. अंत्योदयचा इष्टांक भरलेला. तालुक्यात एकही जागा रिकामी नाही. अक्का मंजूर होती, पण तिला आत यायला दुसरं कोणीतरी बाहेर जायला हवं. म्हणजे कोणीतरी मरायला हवं, आणि मेलेले नोंदवायला अडीच वर्षं लागतात हे मी वर सांगितलंच आहे.

मी याद्या काढल्या. एकेक नाव तपासत बसले. चार दिवस त्यात गेले आणि माझ्या हाती काही लागलं नाही. पाचव्या दिवशी बाजार होता. टेबलासमोर मेथीची जुडी दिसली आणि तोच मऊ आवाज आला, "बाई, गरिबीमाईन निंघाले आखो कितला कागद लागतीन?"

शाखेतले सगळे नेहमीप्रमाणे हसले. मी हसले नाही. मी उठले, विचाराधीन फाईल उघडली. नानांचा अर्ज तळाशी होता, आषाढातला. माणूस सहा-सात महिने येऊन सांगत होता की माझी अंत्योदयची जागा घ्या, आणि आम्ही त्याला नमुना नाही म्हणून परत पाठवत होतो. जागा हवी म्हणून मी चार दिवस मेलेली माणसं शोधत बसले होते. ती जागा माझ्याच कपाटात होती.

"नाना, बसा," मी म्हटलं. ते बिचारे घाबरले. आजवर त्यांना कोणी बसा म्हटलं नव्हतं. कोऱ्या कागदावर मी स्वतः नमुना आखला आणि नानांची सही घेऊन साहेबांकडे नेला. साहेबांनी वाचला, ह्यावेळी हसले नाहीत. प्राधान्यमध्ये तेव्हा जागा होती. चार वाजेपर्यंत नानांचं घर पंचावन्न किलोंवर गेलं आणि अंत्योदयमध्ये एक जागा मोकळी झाली. पाच वाजता त्या जागेवर सुपडाबाईचं नाव चढलं. नाना मेथीची जुडी टेबलावर ठेवू लागले. मी परत दिली. नियम तोवर शाबूत होता.

फाल्गुनात माझी निवृत्ती आली. शेवटच्या रविवारी मी पुन्हा त्या गावाला गेले. कार्यालयाचं काम नव्हतं, नमुना नव्हता, पंच नव्हते. ह्यांना सांगितलं, एक चूल बघून येते. हे म्हणाले, अजून पोट भरलं नाही का तुझं?

अक्का दारातच बसली होती. मला बघून तिला धक्का बसला. "आखो काही ऱ्हायनं का?" तिने विचारलं. कार्ड परत घ्यायला आले असं तिला वाटलं असावं. मी म्हटलं, काही राहिलं नाही, सहज आले. सहज ह्या शब्दावर तिचा विश्वास बसला नाही. खोलीत कोपऱ्यात पत्र्याची कोठी होती. मी विचारलं, एकटीला इतकं लागतं का? ती म्हणाली, "आखाजीले बठ्ठा येतीन ना." पोरं घरी आल्यावर चार दिवस कमी पडू नये म्हणून ती साठवत होती. खात्याच्या दृष्टीने हे गैर आहे. ज्या कुटुंबापासून ती विभक्त असल्याचं मी लिहून दिलं होतं, त्याच कुटुंबासाठी ती धान्य राखत होती. मी कोठीकडे पाठ करून बसले.

चूल पेटलेली होती. मी येणार हे ह्यावेळी कोणाला माहीत नव्हतं, तरी पेटलेली होती. पातेल्यावर तेच झाकण. मी हात लावला नाही. अक्कानेच ते उचललं, ताटलीत भात वाढला, वर लसणाच्या फोडणीची पातळ डाळ घातली आणि ताटली माझ्यापुढे ठेवली.

माझा नियम तिला ठाऊक होता. सगळ्या तालुक्याला ठाऊक होता. ती समोर बसून राहिली. मी हात धुतले आणि पहिला घास घेतला.

अक्काने हसू दाबलं आणि मिठाची बरणी माझ्यापुढे सरकवली. "मीठ देखी ल्या, बाई. बरोबर शे ना?"

डाळीत मीठ खूपच जास्त झालं होतं.

"बरोबर आहे," मी म्हटलं. नोकरीतला तो माझा दुसरा खोटा अहवाल, आणि पंच कोणी नव्हतं.